प्रमाणित खातेउतारा : कोणता मागावा, कसा मागावा

डिचोली तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकाचे उदाहरण कल्पावे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी नात्यातील एका गृहस्थास दुकानासाठी ३,५०,००० रुपये उसने दिले. रक्कम रोख न देता ती आपल्या खात्यातून परस्पर त्याच्या खात्यावर पाठविली. कारण ‘बँकेतून गेले म्हणजे पुरावा झाला’ अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकीची नव्हती, पण अपुरी होती. पैसे परत येईनात, तेव्हा तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी त्यांनी दिवाणी दावा दाखल केला आणि शाखेत जाऊन खातेउतारा आणला. खिडकीवरील कर्मचाऱ्याने तीन पाने छापून दिली, प्रत्येक पानावर शाखेचा गोल शिक्का उमटविला आणि शेवटच्या पानावर आद्याक्षरी केली. कागद मोठा रुबाबदार दिसत होता. न्यायालयात प्रतिपक्षाच्या वकिलाने त्यावर एवढेच विचारले, की हा उतारा कोणी प्रमाणित केला, कोणत्या नात्याने केला आणि कोणत्या कायद्याखाली केला? तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर नव्हती. तारीख पुढे गेली.

अशा तारखा पुढे जाण्यास बँकेचा आळस क्वचितच कारणीभूत असतो. बहुतेक वेळा ग्राहकाने जे मागितले तेच बँकेने दिलेले असते. मागण्यातच चूक झालेली असते. ‘सही-शिक्क्याचा उतारा द्या’ असे म्हटले, की सही-शिक्क्याचा उतारा मिळतो. न्यायालयास हवा असलेला प्रमाणित उतारा ही निराळी वस्तू आहे, आणि ती तिच्या नावानेच मागावी लागते.

बँकेकडून ग्राहकाच्या हाती येणारे कागद वरवर पाहता सारखे दिसतात. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे पासबुक. बचत खाते असलेल्या व्यक्तींना पासबुकाची सोय द्यावी व त्याबद्दल आकार घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे २००६ पासूनचे निर्देश आहेत. पासबुक घरच्या हिशेबास उत्तम. परंतु ती ग्राहकास दिलेली नक्कल होय. कायद्याने सांगितलेले कोणतेही प्रमाणपत्र तिच्यावर नसते. दुसरा कागद म्हणजे संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून घरबसल्या काढलेला उतारा. त्याच्या तळाशी ‘हा संगणकाने तयार केलेला उतारा असून सहीची आवश्यकता नाही’ अशा अर्थाची एक ओळ असते. ही ओळ पुष्कळांची दिशाभूल करते. सहीची आवश्यकता नाही, हे बँक आपल्या ग्राहकास सांगत असते. तहसील कचेरी, परदेशी वकिलात किंवा न्यायालय यांना ते बंधनकारक नसते.

काही बँका अशा उताऱ्यावर अंकीय स्वाक्षरी करून तो ई-मेलने पाठवितात. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय स्वाक्षरीस मान्यता दिलेली असल्याने हा दस्तऐवज पुष्कळ कामांस चालतो. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ती स्वाक्षरी संगणकातील फाईलवर असते, कागदावर नसते. फाईल छापून घेतली, की उरते ते केवळ स्वाक्षरीचे चित्र. त्याची पडताळणी कोणास करता येत नाही. म्हणून जेथे अंकीय स्वाक्षरीचा उतारा स्वीकारला जातो, तेथे मूळ फाईलच सादर करावी.

तिसरा कागद शाखेतून शिक्का व सही घेऊन मिळणारा उतारा. व्हिसाचा अर्ज, शिष्यवृत्ती, घरकर्ज, प्राप्तिकराची विचारणा अशा नित्याच्या कामांत ‘प्रमाणित उतारा’ म्हणून जे मागितले जाते, ते बहुधा हेच असते. आणि चौथी, कायद्याच्या अर्थाने ‘प्रमाणित प्रत’.

येथे शब्दांचा एक घोळ दूर करणे अवश्य आहे. साक्षांकन आणि प्रमाणन यांस व्यवहारात एकच मानले जाते. एखाद्याने घरी छापलेला उतारा नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे नेला आणि त्यावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मिळविला, तर त्याचा अर्थ इतकाच, की ही झेरॉक्स त्यांना दाखविलेल्या कागदाशी जुळते. तो कागद बँकेच्या वहीशी जुळतो की नाही, हे त्या अधिकाऱ्यास ठाऊक नसते व ठाऊक असण्याचे कारणही नसते. ते सांगण्याचा अधिकार एकट्या बँकेस आहे. कारण वही तिच्याकडे आहे.

१८९१ चा कायदा

वहीच्या या प्रश्नातूनच बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, म्हणजे बँकांच्या वह्यांसंबंधीचा पुराव्याचा कायदा, १८९१ साली झाला. अशाच नावाचा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटने १८७९ मध्ये केलेला होता. पुराव्याचा सर्वसाधारण नियम असा, की दस्तऐवज सिद्ध करावयाचा तर मूळ दस्तऐवजच हजर करावा. आता बँकेची मूळ वही म्हणजे जाडजूड खतावणी. तीत एका पक्षकाराबरोबर इतर शेकडो खातेदारांची खाती. ती न्यायालयात नेली, तर त्या दिवशी शाखेचा व्यवहार कशावर चालवावा? साखळीच्या शाखेतील खतावणी मांडीवर घेऊन व्यवस्थापक डिचोलीच्या न्यायालयात आपल्या साक्षीची वाट पाहत बसला आहे, आणि इकडे खातेदार खिडकीपुढे ताटकळत आहेत, असा प्रसंग रोज ओढवला असता. शिवाय एकाच्या दाव्यासाठी इतर सर्वांची खाती उघडी पडली असती ती वेगळीच. म्हणून कायद्याने तोड काढली : वही बँकेतच राहू द्यावी, तिच्यातील नोंदीची प्रत विशिष्ट प्रमाणपत्रासह दिली, तर ती प्रत त्या नोंदीचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून स्वीकारावी. कायद्याच्या ४थ्या कलमात ही सवलत आहे.

सवलत मोठी, म्हणून अटीही काटेकोर. हाताने लिहिलेल्या वह्यांच्या बाबतीत प्रतीच्या तळाशी चार गोष्टी नमूद व्हाव्या लागतात : ही नोंदीची खरी नक्कल आहे, ती नोंद बँकेच्या नेहमीच्या वह्यांपैकी एकीत आहे, ती नित्याच्या व्यवहाराच्या ओघात केलेली आहे, आणि ती वही अद्याप बँकेच्या ताब्यात आहे. त्याखाली मुख्य लेखापाल किंवा व्यवस्थापक यांची सही, नाव, हुद्दा व तारीख हवी. नावाशिवाय नुसती आद्याक्षरी, किंवा हुद्द्याशिवाय नुसती सही, ही कायद्याच्या दृष्टीने अपुरी होय. डिचोलीच्या शिक्षकांचा उतारा पहिल्याने अडला तो येथेच.

आज मात्र हाताने लिहिलेली खतावणी शाखेत शोधूनही सापडत नाही. खाते असते संगणकात, आणि तो संगणकही शाखेत नसून दूरच्या शहरातील केंद्रात असतो. हे ओळखून २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर १८९१ च्या कायद्यातही दुरुस्ती झाली आणि कलम २-अ घालण्यात आले. संगणकातून छापून काढलेल्या उताऱ्यास आता या कलमाखालील प्रमाणपत्रे जोडावी लागतात. त्यांतील एक मुख्य लेखापालाचे किंवा शाखाव्यवस्थापकाचे : ही त्या नोंदीची छापील प्रत आहे. बाकीची संगणकव्यवस्थेच्या प्रभारी व्यक्तीची. संगणकात माहिती भरण्याचा अधिकार कोणास आहे याची खात्री कशी केली जाते, अनधिकृत फेरफार होऊ नये म्हणून काय योजना आहे, गहाळ झालेली माहिती परत कशी मिळविली जाते, साठवणीची साधने कोठे व कोणाच्या ताब्यात असतात, यांचे थोडक्यात वर्णन तीत असते. आणि शेवटी, सदर काळात संगणक व्यवस्थित चालत होता व छापलेली माहिती त्यातील माहितीशी जुळते, असे आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे निवेदन.

हे वर्णन वाचून ग्राहक दचकतो. त्यास वाटते, इतके सारे आपल्यासाठी कोण लिहिणार? वास्तविक हे नव्याने लिहावे लागत नाही. बँकांना स्वतःच्या वसुलीच्या दाव्यांत हीच प्रमाणपत्रे नेहमी जोडावी लागतात, त्यामुळे त्यांचे नमुने बँकेच्या विधी विभागाकडे तयार असतात. लहान शाखेतील नवख्या अधिकाऱ्यास ते ठाऊक नसणे शक्य आहे. अशा वेळी वाद न घालता, अर्ज प्रादेशिक कार्यालयाकडे किंवा विधी विभागाकडे पाठवावा, अशी लेखी विनंती करणे श्रेयस्कर.

यात अलीकडे आणखी एका कायद्याची भर पडली आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. जुन्या कायद्यातील बहुचर्चित कलम ६५-ब जाऊन तेथे कलम ६३ आले. या कलमाखालील प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच दिलेला असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग दस्तऐवज सादर करणाऱ्याने किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. नमुन्यात ‘हॅश’ मूल्याची नोंद मागितली आहे. हॅश म्हणजे फाईलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरे व आकडे यांची एक मालिका. फाईलमधील एक स्वल्पविराम बदलला तरी ती संपूर्ण बदलते, म्हणून ती फाईलच्या बोटाच्या ठशासारखी उपयोगी पडते. बँकेच्या उताऱ्यास १८९१ च्या कायद्याखालील प्रमाणपत्र पुरेल की कलम ६३ चेही जोडावे, हे त्या त्या प्रकरणातील वकिलानेच सांगणे योग्य. दोन्ही मागून ठेवावीत असा सल्ला व्यवहारी वकील देतील, कारण एका प्रमाणपत्रासाठी पुन्हा शाखेत जाण्यात एक तारीख खर्च होते.

अर्जाची भाषा

अर्ज लेखी असावा आणि तो शाखाव्यवस्थापकाच्या नावे असावा. कोणती भाषा वापरली यापेक्षा कोणते शब्द वापरले याला महत्त्व आहे. पुढील वाक्य नमुन्यादाखल घेता येईल : ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या बचत खात्यातील १ ऑगस्ट २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२२ या कालावधीच्या नोंदींची प्रमाणित प्रत, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ च्या कलम २, पोटकलम ८ व कलम २-अ यांनुसार आवश्यक असलेल्या प्रमाणपत्रांसह, तसेच भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह, न्यायालयात सादर करण्यासाठी मिळावी.’ दावा दाखल झाला असल्यास त्याचा क्रमांक व न्यायालयाचे नाव लिहावे.

कालावधी नेमका लिहिण्यास विशेष कारण आहे. पुष्कळ लोक खबरदारी म्हणून पाच-पाच वर्षांचा उतारा मागतात. मग शुल्क वाढते, पानांची चळत होते आणि दाव्याशी संबंध नसलेले खासगी व्यवहार, औषधांची बिले, मुलीच्या लग्नातील खर्च, प्रतिपक्षाच्या हाती अनायासे पडतात. उलट एकाच दिवसाचा उतारा घेतला, तर रक्कम गेल्यानंतर ती परत आली काय, हा प्रश्न उपस्थित होतो. व्यवहाराचा महिना आणि, परतफेडीचा वाद असल्यास, दाव्यापर्यंतचा त्या खात्याचा भाग, इतके सामान्यतः पुरेसे ठरते.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत द्यावी, सही खात्यावरील नमुना सहीप्रमाणे करावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. शुल्क बँकेनुसार निरनिराळे असते व त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. दरपत्रक शाखेत तसेच बँकेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. उतारा हाती येताच शाखेतच तो वाचून पाहावा. पानांचे क्रमांक सलग आहेत काय, प्रमाणपत्रात लिहिलेला खाते क्रमांक व कालावधी उताऱ्याशी जुळतो काय, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा सुवाच्य आहे काय, हे तेथेच पाहिले तर दुरुस्ती पाच मिनिटांत होते.

दुसऱ्याच्या खात्याचा उतारा

येथवरचे विवेचन स्वतःच्या खात्यापुरते झाले. दुसऱ्याच्या खात्याचा उतारा मागण्यास येणारेही पुष्कळ असतात : पतीच्या खात्याचा पत्नी मागते, वडिलांच्या खात्याचा मुलगा, भागीदाराच्या खात्याचा भागीदार. बँक नकार देते आणि शाखेत बोलाचाली होते. खातेदाराचे व्यवहार गुप्त राखणे हे बँकेचे कर्तव्य आहे. संयुक्त खातेदार किंवा रीतसर मुखत्यार असल्याखेरीज जवळचे नाते तेथे उपयोगी पडत नाही. आज ज्यास हा नकार खुपतो, त्याच्याच खात्याची चौकशी करावयास उद्या दुसरा कोणी आला, तर हाच नकार त्याचे रक्षण करतो.

न्यायप्रविष्ट प्रकरणात मात्र मार्ग आहे. १८९१ च्या कायद्याच्या ६व्या कलमाखाली पक्षकाराने अर्ज केल्यास, बँकेच्या वहीतील संबंधित नोंदी पाहण्याची व त्यांच्या प्रती घेण्याची मुभा न्यायालय देऊ शकते. न्यायालयाने अन्यथा फर्माविले नसल्यास असा आदेश बँकेवर, सुट्टीचे दिवस वगळून, पूर्ण तीन दिवस अगोदर बजवावा लागतो. पोटगीच्या प्रकरणात पतीच्या उत्पन्नाचा थांग लागत नसलेल्या स्त्रीस हे कलम ठाऊक असणे फार मोलाचे आहे. याच कायद्याचे ५वे कलम बँकेच्या अधिकाऱ्यास संरक्षण देते : बँक स्वतः पक्षकार नसलेल्या प्रकरणात, विशेष कारणास्तव न्यायालयाने आदेश दिल्याखेरीज, त्यास वही घेऊन साक्षीस येण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून ‘मॅनेजरलाच साक्षीला बोलवा’ हा उपाय पक्षकारांना वाटतो तितका सोपा नाही.

बँकेने किंवा अन्य कोणा ताबेदाराने प्रमाणपत्र देण्याचेच नाकारले, तर? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयात मिळते, आणि त्याचा उगम महाराष्ट्रातील जालना येथे आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत नामनिर्देशनपत्र वेळेत दाखल झाले की नाही यावरून वाद उद्भवला व निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. चित्रीकरण उपलब्ध होते, पण त्यास कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. ते वारंवार मागूनही मिळाले नव्हते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या नावाने गाजलेल्या या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणावयाची तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. तथापि संबंधिताने ते नाकारल्यास पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा आणि न्यायालयाने ते हजर करण्याचा आदेश द्यावा. निर्णय जुन्या कलमाखालील असला, तरी बँकेच्या दारात अडलेल्या पक्षकारास त्यातून दिशा मिळते. त्याने प्रथम लेखी मागणी केलेली असली पाहिजे, हे ओघानेच आले. पोच जपावयाची ती यासाठीच.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणात काम पुष्कळ सुलभ झालेले आहे. परक्राम्य संलेख अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने कलम १४६ आले. त्यानुसार धनादेश अनादरित झाल्याचे दर्शविणारी, बँकेची अधिकृत खूण असलेली चिठ्ठी हजर केली, की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालय ती गोष्ट गृहीत धरते. तेवढ्या मुद्द्यासाठी प्रमाणित उताऱ्याच्या मागे धावण्याचे कारण नाही.

मृत्यूनंतरचे खाते

गोव्यात आणखी एका प्रसंगी बँकेच्या कागदाची निकड भासते. विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानण्याची येथील पद्धत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आली आहे; उत्तराधिकाराचे नियम आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात आहेत. इन्व्हेंटरीच्या कामात दिवंगताच्या मालमत्तेची यादी मांडताना बँकेतील रक्कम मृत्यूच्या दिवशी किती होती, हे पाहावे लागते. आज किती आहे हे तेथे पुरत नाही. मधल्या काळात व्याज जमा झालेले असते, निवृत्तिवेतनाचा एखादा हप्ता चुकून येऊन पडलेला असतो, किंवा कोणी एटीएम कार्ड वापरून पैसे काढलेले असतात. म्हणून बँकेकडे मृत्यूच्या तारखेस असलेल्या शिल्लक रकमेचा दाखला, बचत, मुदतठेव, लॉकर व कर्ज या साऱ्यांच्या उल्लेखासह मागावा. सोबत मृत्यूचा दाखला जोडावा.

काही घरांत खरा तंटा असतो तो मृत्यूपूर्वीच्या महिन्यांचा. आजारी वडिलांच्या खात्यातून कोणी, किती काढले? शिलकेच्या दाखल्यातून हे कळत नाही. त्यास त्या कालावधीचा उताराच लागतो, आणि तो देण्यास बँक काचकूच करील. वारसांमध्ये एकमत नसेल, तर ६व्या कलमाखालील आदेश हाच सरळ मार्ग. नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती बँक रक्कम सोपविते ती स्वतः मोकळी होण्यासाठी. त्यामुळे इतर वारसांचा हक्क बुडत नाही, हेही घराघरात माहीत असणे आवश्यक आहे.

परदेशी जाणाऱ्यांचे प्रश्न त्या मानाने हलके. व्हिसासाठी वकिलाती साधारणपणे मागील तीन ते सहा महिन्यांचा उतारा शिक्का व सहीसह मागतात. ब्रिटनमध्ये शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते, तेव्हा मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज अडचणीत येतो. कलम २-अ चे प्रमाणपत्र घेऊन वकिलातीत जाण्याची गरज नसते. वकिलातीने जे लिहिले असेल तेच न्यावे.

वही किती दिवस राहते

बँका जुन्या नोंदी किती काळ जपतात यासंबंधीचे नियम बँकिंग विनियमन कायद्याच्या कलम ४५-य खाली १९८५ मध्ये झाले; सहकारी बँकांसाठीही तसेच नियम आहेत. काही नोंदवह्या पाच वर्षे, तर खातेवह्या, व्हाउचर, वटलेले धनादेश यांसारखे महत्त्वाचे कागद आठ वर्षे ठेवावे लागतात. संगणकातील माहिती बँका पुष्कळदा त्याहूनही अधिक काळ राखतात, पण तो आपला हक्क आहे असे समजून स्वस्थ बसू नये. नष्ट झालेल्या कागदाची प्रत न्यायालयाच्या आदेशानेही मिळत नाही. मात्र प्रमाणित प्रत वेळेत काढली असेल, तर त्यानंतर मूळ वही नित्यक्रमाने नष्ट झाली तरी प्रत निकामी होत नाही. बँकेने तसे अधिकचे प्रमाणपत्र द्यावे, अशी सोय १८९१ च्या कायद्यातच आहे. वादाची चाहूल लागताच प्रत काढून ठेवण्यात शहाणपण आहे ते यामुळे.

बँकेच्या कागदाचे आयुष्य आणि माणसाचा तंटा यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही, याचा अनुभव गोव्याइतका कोणास असेल? १९६१ च्या मुक्तीपूर्वी येथील बँको नॅशनल उल्ट्रामारिनोकडे तारण ठेवलेले लोकांचे दागिने लिस्बनला नेण्यात आले आणि ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षांनंतर एखाद्या पेटीवर हक्क सांगताना आजीच्या ट्रंकेतील पावती हाती असणे आणि नसणे यांत किती अंतर पडते, हे सांगावयास नको.

बँक तीच राहिली नाही, तर अर्ज कोठे करावा, हाही प्रश्न येतो. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत १ एप्रिल २०२० रोजी विलीन झाली. देना व विजया या बँका त्यापूर्वी १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. जुन्या बँकेच्या खात्याचे प्रमाणपत्र आता नव्या बँकेनेच द्यावयाचे असते, कारण वह्या तिच्या ताब्यात आल्या. अर्जात जुना खाते क्रमांक, जुनी शाखा आणि शक्य तर जुन्या पासबुकाची प्रत द्यावी. बँकेचा परवानाच रद्द झाला असेल, जसे एप्रिल २०२० मध्ये म्हापसा अर्बन सहकारी बँकेच्या बाबतीत झाले, तर अर्ज अवसायकाकडे करावा.

टपाल खात्याची बचत बँक १८९१ च्या कायद्याच्या व्याख्येत येते, तेव्हा तिच्याकडूनही प्रमाणित प्रत मागता येते. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिच्या नोंदींच्या प्रतींचा प्रश्न सहकार कायद्यातील तरतुदींनुसार सोडवावा लागतो. गावोगावी पतसंस्थेस ‘बँक’ म्हणण्याची सवय असल्याने हा भेद ध्यानात येत नाही आणि अर्जात चुकीचे कलम पडते.

आता डिचोलीच्या शिक्षकांकडे वळावे. रीतसर प्रमाणित प्रत त्यांनी मिळविली असे धरू. तेवढ्याने दावा सिद्ध झाला काय? नाही. प्रतीवरून एवढे दिसेल, की अमुक दिवशी ३,५०,००० रुपये या खात्यातून त्या खात्यात गेले. ते उसने म्हणून गेले, की जुन्या देण्याची फेड म्हणून, की भेट म्हणून, याबद्दल वही मौन पाळते. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते : प्रतिपक्षाने नाकारल्यास, केवळ हिशेबातील नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, तिला पूरक असा अन्य पुरावा हवा. हा निर्णय १९६७ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेला आहे, आणि ज्या तत्त्वावर तो उभा आहे ते तत्त्व नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये कायम आहे. तेव्हा पैसे मागणारे पत्र, भ्रमणध्वनीवरील निरोप, एखाद्या हप्त्याची परतफेड झाली असल्यास तिची नोंद, हे सारे शिक्षकांनी उताऱ्याच्या जोडीला आणले पाहिजे. रक्कम पाठविताना शेऱ्याच्या रकान्यात ‘उसने’ हा एक शब्द त्यांनी लिहिला असता, तर तो निदान व्यवहाराच्या दिवशीचा म्हणून आज उताऱ्यावर दिसला असता.

मागणी करूनही बँक दाद देत नसेल, तर प्रथम बँकेच्याच तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सर्व प्रकारच्या बँकांसाठी एकच लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली. त्यासाठी वकील लागत नाही व शुल्कही नाही. मात्र तीच तक्रार न्यायालयापुढे मांडलेली असेल, तर लोकपाल तीत हात घालत नाहीत. तेथे जालन्याच्या निर्णयातील मार्गाने त्या न्यायालयाकडेच अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जास बँकेच्या पोचेची प्रत जोडावी.